पोर्चमधले वॅट

माझ्या मुलीचे वॅट त्यांनी कमी केले, ही माझी त्यांच्याबद्दलची पहिली तक्रार. दुसरी तक्रार अशी की त्यांचं बरोबर होतं. चुकले असते तर मी कधीच माफ करून मोकळा झालो असतो.

वॅट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर वाटेल मी विजेच्या बिलाबद्दल बोलतोय. सायकल घरातल्या घरात एका यंत्रावर बसवतात, त्याला ट्रेनर म्हणतात. मागचं चाक एका लोखंडी रोलरवर टेकतं, आपण जागच्या जागी पॅडल मारायचं, आणि पायातून किती जोर निघतोय त्याचा आकडा मोबाइलवर येतो. तो वॅट. हल्ली सायकलवाले एकमेकांना भेटले की तब्येत नंतर विचारतात, वॅट आधी.

ते आमचे घरमालक. कुळगावचं आमचं घर पाडून तिथे इमारत उभी राहत होती, बिल्डर म्हणाला एक वर्ष थांबा, आणि त्याच्या एका वर्षात आम्ही अंबरनाथ पूर्वेला भाड्याने पार मुरून गेलो. दुमजली घर. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि मुलगी. मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅच बघतो, बायको उल्हासनगरला एका दवाखान्यात नर्स. आम्ही त्यांना काका म्हणायचो, मुलगी आजोबा म्हणायची. ती पटकन म्हणायला लागली, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

काका सरकारच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी उल्हासनगरच्या कॅम्पांमधून दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. कोणत्याही दुकानात पाणी प्यायचे नाहीत, घरची बाटली बरोबर. समोर थंडा येऊन गरम व्हायचा. रिटायर होऊन वर्षं झाली, पण ही बातमी बाजाराला कोणी कळवलेली नाही. ते भाजी घ्यायला आले की भाजीवाले आपोआप काट्यापासून हात लांब घेतात. काका घरी येऊन बटाटे पुन्हा मोजायचे. कमी भरले तरी भांडायला जायचे नाहीत. मी एकदा विचारलं, मग मोजता कशाला? म्हणाले, "माहीत असावं."

बोलणंही तपासणीच्या अहवालासारखं. पहिल्याच महिन्यात बायकोने खीर दिली, तर वाटी परत करताना म्हणाले, "खीर उत्तम असल्याचे आढळून आले. वेलची किंचित जास्त." बायको आठवडाभर हसत होती. पुढच्या खेपेला तिने वेलची कमी घातली, तेही मला आवडलं नाही. मी इतकी वर्षं मीठ कमी घाल म्हणतोय.

मुलगी शाळेपासून सायकल चालवायची. ते वेड माझं. तरुणपणी मी बदलापूर ते बारवी धरण आणि परत असा रोज जायचो, दोन-चार शर्यतीही मारल्या, एका शर्यतीत तिसरा आलो. चौघंच होतो, पण तिसरा आलो. पोरीला दोन चाकांवर उभी मी केली. मागे कॅरियर धरून पळालो मी. रस्त्यावर डंपर वाढले, खड्डे वाढले, तेव्हा ट्रेनर आणायचंही मीच ठरवलं. नवीन परवडणारा नव्हता. उल्हासनगरच्या कॅम्प चारला एका सिंधी कापडवाल्याकडे जुना होता. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेला. तो म्हणाला, "एकदम नया है, साईं. मिसेस ने इस पे खाली कपडे सुखाये हैं." खरं होतं. हँडलच्या बाजूला चिमटा लटकलेला होता, तोही त्याने फुकट दिला.

वरच्या मजल्यावर लावला तर एवढा घरघराट, की बायको म्हणाली, नाइट ड्यूटी करून मी या गिरणीत झोपू का? म्हणून काकांना विचारून खालच्या पोर्चमध्ये ठेवला. त्यांनी लगेच हो म्हटलं. मी खूश झालो, आभार मानले. स्वतःच्या हाताने मांजराला दूध दाखवलं म्हणा ना.

तर पद्धत अशी होती. मी पहाटे उठायचो. मुलगी उठायच्या आत खाली जाऊन टायरमध्ये हवा भरायचो, रोलर आवळायचो आणि ट्रेनर जुळवून ठेवायचो. जुळवणं म्हणजे, चाक जोरात फिरवायचं आणि सोडून द्यायचं. ते थांबायला किती वेळ लागतो त्यावरून यंत्र समजून घेतं की आपल्यात घर्षण किती आहे, आणि तेवढा जोर मारणाऱ्याच्या खात्यात धरतं. हे सगळं मी तिच्यासाठी आधीच करून ठेवायचो. पोरीने यावं आणि नुसतं बसावं. बाप अजून काय करतो?

काका समोरच खुर्ची टाकून पेपर वाचायचे. आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एका सकाळी पेपर खाली करून म्हणाले, "तुम्ही हे यंत्र थंड असतानाच तपासता का?"

मी म्हटलं, "हो. ती यायच्या आधी."

"थंड यंत्रावरची तपासणी ग्राह्य धरता येत नाही."

मी हसलो. सायकलवर जन्मात न बसलेला माणूस मला ट्रेनर शिकवतोय! गुडघ्यामुळे त्यांना जिना चढता येत नव्हता, सायकल तर लांबच. पण त्यांनी शांतपणे समजावलं. सकाळी यंत्र आखडलेलं असतं, चाक लवकर थांबतं. यंत्राला वाटतं, आपलं घर्षण फार. दहा मिनिटांत सगळं गरम होऊन मोकळं फिरायला लागतं, पण यंत्र मात्र सकाळचंच घर्षण धरून वर जोर टाकत राहतं. जोर पोरीच्या पायात नाही, तरी आकड्यात आहे.

"म्हणजे आकडा जास्त येतो?" मागून आवाज आला. मुलगी पायरीवर उभी होती.

"शक्यता आहे," ते म्हणाले. "तपासावं लागेल."

तिथून तपासणी सुरू झाली, ती दीड वर्ष चालली. त्या दीड वर्षात त्यांनी आमच्याकडचा चहा घेतला नाही. बायको कप घेऊन खाली गेली की म्हणायचे, "तपासणी चालू आहे." स्वतःच्याच पोर्चमध्ये बसून!

काकांचा मुलगा परदेशात. तो सुट्टीला आला, तो जोर मोजणारी पॅडलं घेऊन. काकांनीच मागवली होती. नव्या नवरीने दागिने दाखवावेत तशी माझ्या मुलीने मला ती पॅडलं दाखवली. ती वस्तू मी दोन वर्षं मोबाइलवर किंमत बघून बंद करत होतो. ज्या काकांना सायकलचा टायर कुठून काढतात ते ठाऊक नाही, त्यांनी ती माझ्या पोरीच्या सायकलला लावली. मी म्हटलं, "काका, एवढं कशाला?" तोंडाने तेवढंच म्हटलं. मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि नुसती लावली नाहीत. त्यांच्याकडे शिक्का मारलेल्या लोखंडी वजनांचा एक संच होता, कॅम्पातल्या बंद पडलेल्या एका धान्याच्या दुकानातून आणलेला. पॅडल आडवं धरायचं, त्याला दहा किलोचं वजन टांगायचं आणि पॅडल किती जोर सांगतंय ते बघायचं. मग वीस किलो. मग दुसऱ्या बाजूला. मोजणाऱ्याचं मोजमाप आधी. मुलगी बाजूला उकिडवी बसून वजनं हातात द्यायची. मी कामावर निघालेलो, डबा हातात, आणि दोघांपैकी एकाचंही माझ्याकडे लक्ष नाही.

पॅडलं बरोबर निघाली. मग ती वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारत बसली. पॅडलं म्हणाली एकशे त्र्याऐंशी, ट्रेनर म्हणाला दोनशे चार.

"पायातून निघालेला जोर साखळीतून चाकापर्यंत जाताना थोडा गळतो," काका म्हणाले. "चाकाशी तो कमी निघायला हवा. इथे वाढलाय. डेअरीतून निघालेलं दूध घरी येईपर्यंत वाढलं, तर काय समजायचं?"

मुलगी हसली. माझ्या कुठल्या विनोदावर ती शेवटची कधी हसली होती, हे मी त्या दिवशी कंपनीत बसून आठवत होतो.

हे नुसतं खेळण्यातलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तिला एका सायकल प्रशिक्षण केंद्रात जायचं होतं, घाटावर, राहायला. तिथे घेतलं तर पुढे राज्याच्या संघाची वाट. चाचणीला बोलवायला त्यांना आधी वीस मिनिटांचा आकडा आणि व्हिडिओ लागायचा, आणि तिच्या वजनाच्या मुलीला एकशे नव्वद तरी हवे होते. कालपर्यंत आमच्याकडे दोनशे चार होते. मी बायकोला सांगूनही टाकलं होतं की पोरगी गेली म्हणून समज. आता एका माणसाने पोर्चमध्ये बसून एकवीस वॅट काढून घेतले.

मी खाली गेलो. स्पष्ट बोललो. "काका, सगळ्या पोरी असेच आकडे पाठवतात. कोणाच्या घरी वजनं टांगून बघतात? एकदा बोलावलं की पुढचं पुढे."

"तिथे त्यांच्या यंत्रावर बसवणार ना?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"मला काही अडचण नाही," ते म्हणाले. "मुलगी तुमची आहे. मी फक्त आढळलं ते सांगितलं."

मुलगी तुमची आहे! हे सांगायला लागावं इथवर आलं होतं. मुलगी मध्येच म्हणाली, "बाबा, तिथे जाऊन एकशे त्र्याऐंशी आले तर मी परत येणार कशी?" बाबा म्हणाली, पण बघत होती त्यांच्याकडे. आणि ठरवून टाकलं तिने, खरे एकशे नव्वद झाल्याशिवाय काही पाठवायचं नाही.

मग रोज संध्याकाळी पोर्चमध्ये दरबार. आधी यंत्र गरम, मग जुळवणी, मग मेहनत. माझं पहाटेचं काम संपलं. सवयीने जाग यायची, मी तसाच छताकडे बघत पडून राहायचो. बायको म्हणायची, "झोप की जरा, सुटलास ना?" सुटलास म्हणे.

काका तिला काही शिकवत नव्हते बरं का. शिकवण्यासारखं त्यांना काही येतच नव्हतं. नुसते बसायचे. ती घामाने निथळायची, ते खुर्चीत ताठ. संपलं की आकडा सांगायचे. वाढला तर शाबास नाही, घटला तर अरेरे नाही. मी असतो तर ओरडून ओरडून पोर्च डोक्यावर घेतलं असतं, आणि घ्यायचोच की आधी. तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खाली नका येऊ ना, मला टेन्शन येतं." मी जिन्यात बसायला लागलो. जिन्यातून सगळं ऐकू येतं. एकदा ती त्यांना म्हणाली, "आजोबा, मला भीती वाटते, नाही झालं तर बाबांचं तोंड कसं बघू?" मी विचारल्यावर ती कायम एकच उत्तर द्यायची, ठीक आहे.

ते काय म्हणाले ते ऐकायला मी एक पायरी खाली सरकलो. म्हणाले, "त्यांचं तोंड बघायचं काम त्यांच्या आरशाचं. तू पाणी पी."

हे असं माझ्या घराच्या जिन्याखाली माझ्याबद्दल बोलणं. तरी मुलीला बरं वाटलं असावं, पुन्हा घरघर सुरू झाली.

त्यांची कीर्ती तोवर बदलापूरपर्यंत गेली होती. रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून ते बुद्धविहारात जायचे, आणि परत येईपर्यंत आमच्या दारात दोन-तीन सायकलवाले आपापले ट्रेनर गाडीत घालून हजर. तपासून हवं म्हणायचे, आणि तपासल्यावर तोंडं उतरायची, कारण काकांच्या पोर्चमध्ये वॅट वाढलेला माणूस मी पाहिला नाही. बदलापूरच्या एका बिल्डरचे तीनशेचे अडीचशे झाले. तो म्हणाला, "काका, तुमचे पॅडल बदला." काकांनी न बोलता वजनं टांगून दाखवली. तो म्हणाला, मग वजनं बदला. त्याच्याबद्दल मला मनापासून आपुलकी वाटली. जाताना मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो.

पावसाळा गेला आणि एका संध्याकाळी खालून काकांचा आवाज आला, "एकशे एक्क्याण्णव असल्याचे आढळून आले." आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी तो जिन्याकडे तोंड करून दिला होता. मी तिथेच बसलोय हे त्यांना बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं.

आकडा गेला, चाचणीचं बोलावणं आलं. निवड झाली तर तिथेच राहायचं होतं, म्हणून बॅग भरूनच निघालो. सायकल, यंत्र सगळं त्यांचंच असणार होतं. तिला घेऊन मी गेलो, बाप म्हणून. काकांचा गुडघा एसटीत बसण्यासारखा नव्हता. देवाने एवढी एक गोष्ट माझ्या बाजूने केली.

तिथे पोरींना एका हॉलमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. पालक बाहेर, एका बाकावर. आतून घरघर ऐकू येत होती, त्यातली माझी कुठली ते कळत नव्हतं. तासाभराने ती बाहेर आली, लालबुंद, केस चिकटलेले. म्हणाली, "बाबा, एकशे नव्व्याण्णव." घेतलं तिला. मी रडलो, सरळ रडलो, त्यात काय.

ती तिथेच राहिली. परतीच्या एसटीत मात्र माझ्या डोक्यात दुसरंच चालू झालं. एकशे नव्व्याण्णव. काकांचे एकशे एक्क्याण्णव. म्हणजे त्यांचं मोजमाप चुकलं! दीड वर्ष माझ्या पोरीचे आठ वॅट खाल्ले या माणसाने. बाजाराला घाम फोडणारा माणूस, आणि त्याच्याच मापात खोट. घाट उतरेपर्यंत मी ते वाक्य मनात दहा प्रकारे म्हणून पाहिलं.

संध्याकाळी पोचलो तर ते पोर्चमध्ये बसलेलेच होते. निवड झाल्याचं फोनवर कळलेलं होतं. मी खांद्यावरची पिशवी टेकवायच्या आधी म्हटलं, "काका, तिथे एकशे नव्व्याण्णव आले. तुमचा काटा चुकला."

मला वाटलं होतं ते खुशीत येतील, नाहीतर चिडतील. ते उठले, आत गेले आणि वजनं घेऊन आले. पॅडल आडवं धरलं. दहा टांगले, वीस टांगले. या बाजूने, त्या बाजूने. पॅडलं बरोबर होती. मग म्हणाले, "बसा."

"मी?"

"माझा गुडघा. बसा तुम्ही."

प्रवासाच्या पँटमध्ये मी माझ्या मुलीच्या सायकलवर चढलो. दहा मिनिटं यंत्र गरम केलं, चाक फिरवून सोडलं, मग ते थांबा म्हणेपर्यंत मारत राहिलो. जीभ बाहेर आली. काका मोबाइल डोळ्यांजवळ धरून दोन्ही आकडे बघत होते. पॅडलांपेक्षा ट्रेनर थोडासा कमी, असायला हवा तसाच.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. जरा थांबून, "तुमचे फार कमी आहेत."

मी उतरून पायरीवर बसलो. ते खुर्चीत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे माझ्यासमोर तिचे आठ वॅट निघत नव्हते. तिथे तुम्ही समोर होतात, म्हणून निघाले."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दीड वर्ष मी आरशात जो चेहरा बघत होतो, तोच. माणूस जळत होता, माझ्यावर जळत होता! काय सांगू, किती बरं वाटलं. दोन मिनिटं मी ते सुख तसंच चाखत बसलो.

पण त्यांनी मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ धरून तेच आकडे वाचायला घेतले. शेवटी मी म्हटलं, "काका, मी आत नव्हतो. दार लावून घेतात. बाहेर बाकावर होतो मी, तिला दिसतसुद्धा नव्हतो."

"कोणीच नव्हतं?"

"आपल्यापैकी कोणीच नाही."

त्यांनी ते बटाट्यासारखं मनात मोजून पाहिलं असावं. मग खुर्ची माझ्या बाजूला थोडी सरकवली. जेवणानंतर पोरींना घरी फोन करायला देणार होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी आपला मोबाइल मांडीवर ठेवला, मी माझा पायरीवर. दोघंही एकमेकांच्या फोनकडे बघत होतो.

फोन वाजला तो वर. बायकोचा.

"हां, बोल गं," वरून आवाज आला. "ते आकडे राहू देत, जेवलीस काय ते सांग... आणि अंथरूण?... थंडी आहे का?" मग बराच वेळ नुसतं हं, हं. मग बायको हसायला लागली. पलीकडून पोरगी काय सांगत होती कोण जाणे, बायकोला हसू आवरत नव्हतं.

काका मान वर करून ऐकत होते. हळूच म्हणाले, "स्पीकरवर ठेवायला सांगा ना त्यांना."

मी म्हटलं, "तुम्ही सांगा."

दोघांपैकी कोणीच हाक मारली नाही. वर त्या दोघी हसत होत्या आणि आम्ही खाली बसून ऐकत होतो.